काचेतला सांडवा

बीदरहून हैदराबादला जाणाऱ्या बसमध्ये नाना प्रकारचे सामान पाहावयास मिळते. कोणाजवळ तुरीच्या डाळीचे बाचके असते, कोणाजवळ दवाखान्याच्या कागदांची पिशवी, तर कोणाच्या मांडीवर लेकीसाठी नेलेला फराळाचा डबा. गेल्या डिसेंबरात मी मात्र गोधडीत गुंडाळलेली एक काच दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून बसलो होतो. लांबी तीन फूट, रुंदी सव्वा फूट, जाडी आठ मिलिमीटर आणि वजन सात किलोच्या घरात. तिकीट देताना वाहकाने कन्नडमध्ये विचारले, "मास्तर, फोटो आहे काय?" घरातील कोणा वडीलधाऱ्याची तसबीर मढवून चाललो आहे असा त्याचा समज झाला असावा. मी म्हणालो, "नाही हो, माशांच्या टाकीची भिंत आहे. भोक पाडून आणायला निघालो आहे." त्याने माझ्याकडे एकदा आणि गोधडीकडे एकदा पाहिले, आणि काही न बोलता पुढच्या प्रवाशाकडे वळला.

वस्तुतः त्याचा तर्क सर्वस्वी चुकीचा नव्हता. ती काच एका अर्थाने स्मारकच होती.

आमची शाळा बीदर जिल्ह्यातली, सरकारी, मराठी माध्यमाची. १९५६ मध्ये हैदराबाद संस्थानाची वाटणी होऊन आमचा मुलूख कर्नाटकात आला. कचेरीची भाषा बदलली, घरातली भाषा मराठीच राहिली. अशा शाळांत साधनांची वाण असते, पण जीव लावणारी माणसे निघतात. आमचे विज्ञानाचे गुरुजी त्यांतलेच एक. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी जमविलेल्या रकमेत त्यांनी पदरची भर घातली आणि शाळेला काचेची एक टाकी आणून दिली. "पाण्यातले जीव फळ्यावर काढून दाखवू नका, पाण्यातच दाखवा," एवढेच त्यांचे निरोपाचे भाषण. पुढे दोन वर्षांनी ते गेले. टाकी राहिली, आणि तिच्यातल्या बावीस मासोळ्या मुलांच्या जणू हजेरीपटावर आल्या. सातवीतला एक मुलगा रोज सकाळी त्या मोजून एका वहीत आकडा लिहीत असे.

टाकीतले पाणी स्वच्छ राहावे म्हणून खाली एक टब ठेवून त्यात गाळणीचे दगड घालावेत, पंपाने पाणी वर चढवावे आणि वरचे पाणी आपोआप खाली यावे, अशी योजना मी गेल्या वर्षी हाती घेतली. वरचे पाणी खाली आणण्याचा योग्य मार्ग म्हणजे टाकीच्या मागच्या काचेला वरच्या बाजूस भोक पाडून तेथून नळी काढणे. हे मला ठाऊक होते. तथापि काचेला भोक पाडायचे या कल्पनेनेच माझ्या पोटात गोळा आला. गुरुजींची टाकी तडकली तर? मी सोपा मार्ग पत्करला. काठावरून वळवून एक नळी टाकीत सोडली, तिचे दुसरे टोक टबात. लहानपणी घासलेटच्या पिंपातून तेल काढताना जी युक्ती सारे करीत, तीच ही. चावी फिरवून चढणारे आणि उतरणारे पाणी सारखे केले, आणि स्वतःच्या अकलेवर खूश झालो.

जुलैतल्या एका शनिवारी दुपारी गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला. पंप थांबला; पण नळीला कोण थांबवणार? तिचे तोंड तळापासून चार बोटांवर होते. पाणी त्या तोंडाच्या खाली जाईपर्यंत ती ओढीतच राहिली. सुमारे नव्वद लिटर पाणी खाली आले. टबात वीस लिटरांची जागा होती. बाकीचे सत्तर लिटर विज्ञानकक्षाच्या फरशीवर. रविवारी शाळा बंद. सोमवारी सकाळी मुलांनी दार उघडले तेव्हा चार बोटे पाण्यात, हवा न मिळाल्याने, वीस मासोळ्या उलट्या होऊन तरंगत होत्या. त्या मुलाने वही उघडली, 'मासे २' असे लिहिले, आणि मला विचारले, "सर, पाण्याला थांबायला जागाच ठेवली नव्हती का?"

पस्तीस वर्षे मी प्रश्न विचारण्याची नोकरी केली. या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. भोक पाडण्याची भीती वाटली, म्हणून मी टाकीला सांडवा दिला नाही, हे खरे उत्तर. पण सातवीतल्या मुलापुढे ते सांगण्याचे धैर्य त्या दिवशी झाले नाही.

बीदरमधल्या काचवाल्यांकडे चौकशी केली. "काच कापून देतो, भोक पाडताना फुटली तर बोलू नका," असे दोघांनी सांगितले, आणि माझी भीती दुणावली. शेवटी एका परिचिताने हैदराबादच्या जुन्या वस्तीतील एका वृद्ध कारागिराचे नाव सुचविले. मग टाकीच्या सांध्यातले सिलिकॉन पात्याने हळूहळू कापून मागची काच मोकळी केली, आजीच्या गोधडीत ती गुंडाळली, आणि नाताळच्या सुट्टीत निघालो.

जहीराबादला आमचा रस्ता मुंबई-हैदराबाद महामार्गाला मिळतो. पुढे सदाशिवपेठ, संगारेड्डी, पटानचेरू अशी गावे मागे पडतात आणि शहर केव्हा सुरू झाले ते कळत नाही. मार्गावर जागोजाग तलाव दिसतात. दख्खनच्या या पठारावर बारमाही नद्या थोड्या. म्हणून काकतीयांपासून कुतुबशाहीपर्यंत राज्यकर्त्यांनी आणि गावकऱ्यांनी उतारावर बांध घालून तळी केली. एक तळे भरले की त्याच्या सांडव्यावरून पाणी खालच्या तळ्यात, ते भरले की त्याच्या खालच्या तळ्यात, अशी ती साखळी. सांडवा हा या साखळीतला प्राण. बांध कितीही मजबूत असो, पाण्याला जाण्याची वाट ठेवली नसेल तर ते बांधावरून जाते, आणि मातीच्या बांधावरून गेलेले पाणी बांध घेऊनच जाते.

बस थांबते ती मुसी नदीच्या काठीच असलेल्या महात्मा गांधी स्थानकावर. खाली उतरलो तेव्हा नदी म्हणजे काळसर पाण्याची एक रुंद नाली वाटावी अशी होती. परंतु २०२५ च्या सप्टेंबरअखेर वरच्या धरणांचे दरवाजे उघडल्यावर हीच नदी या स्थानकात शिरली होती, आणि अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. माझ्या शेजारी उतरलेल्या बाई सहज म्हणून गेल्या, "नदीनं आपली जागा ओळखली, दुसरं काय." त्या परभणीकडच्या होत्या. या स्थानकावर मराठी कानी पडली नाही असा दिवस नसेल.

हैदराबादच्या जुन्या माणसांना मुसीचे नाव निघाले की १९०८ साल आठवते. त्यांनी ते पाहिलेले नसते, ऐकलेले असते. त्या वर्षी २८ सप्टेंबरला नदीला असा पूर आला की अफजल पूल, मुसल्लमजंग पूल आणि चादरघाटचा पूल वाहून गेले. कुतुबशाहीतला पुराना पूल तेवढा टिकला. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असे मानतात. उर्दूचे थोर कवी अमजद हैदराबादी यांनी त्या एका दिवसात आई, पत्नी आणि मुलगी गमावली. स्वतः तेवढे वाचले. अफजलगंजला उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक प्रचंड चिंच आहे. तिच्या फांद्यांवर चढून सुमारे दीडशे माणसांनी त्या पुरात प्राण वाचविले. काच सांभाळीत मी मुद्दाम त्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो. रुग्णांचे नातेवाईक सावलीत डबे उघडून बसले होते. एका म्हाताऱ्याने सरकून मला जागा करून दिली आणि गोधडीकडे बोट दाखवून विचारले, "आईना?" मी मान हलविली. त्या झाडाखाली माशांची गोष्ट सांगावीशी वाटली नाही.

पुराच्या दुसऱ्या वर्षी, १९०९ मध्ये, निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. मराठी वाचकांना हे नाव परके नाही. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाले, त्यांची नोकरीची वर्षे मुंबई इलाख्यात गेली, आणि पाणी ठरावीक पातळीवर चढताच आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी १९०३ मध्ये पुण्याजवळच्या खडकवासल्याला बसविले होते. हैदराबादेत त्यांनी पाऊस मोजला, खोरे तपासले आणि तलाव मोजले. मुसीच्या खोऱ्यात ७८८ तलाव होते, त्यांपैकी २२१ फुटले होते. म्हणजे पूर केवळ आभाळातून पडला नव्हता. एकामागून एक फुटलेल्या बांधांनी तो वाढविला होता. त्यांनी सुचविलेला उपाय ऐकायला सोपा आहे. शहराच्या वरच्या अंगाला मोठी धरणे बांधावीत, आणि त्यांत पूर झेलण्यासाठी रिकामी जागा राखून ठेवावी. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर उभे राहिले. रिकामी जागा राखणे हे बांधकामाइतकेच महत्त्वाचे काम आहे, ही गोष्ट मी इतिहासाच्या तासाला अनेकदा शिकविली असेन. टब ठेवताना मात्र ती मला आठवली नव्हती.

कारागिराचे दुकान बेगम बाजाराच्या बाजूला एका बोळात होते. दुकान कसले, आठ बाय दहाची खोली. भिंतीला काचा टेकून उभ्या, मध्ये एक जाड लाकडी मेज, त्यावर ओले गोणपाट. कारागीर सत्तरीच्या पुढचे; हात मात्र स्थिर. त्यांचा नातू हाताशी होता. मी काच मेजावर ठेवली आणि माझी भीती बोलून दाखविली. ते हसले नाहीत. म्हणाले, "जल्दी नक्को साब. पहले पूछना होना, ये काच छेद लेती क्या."

काचेला विचारण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. नातवाने मोबाइलचा पडदा पांढरा लख्ख करून काचेमागे धरला, आणि आजोबांनी उन्हात वापरायचा एक काळा चष्मा डोळ्यांवर चढवून, मान तिरकी करीत करीत काच न्याहाळली. तापवून झटकन थंड केलेली कडक काच असेल तर अशा चष्म्यातून तीत धुरकट डाग आणि पट्टे दिसतात. त्या काचेची वरची कातडी आवळलेली आणि पोट ताणलेले असते. कातडीला छेद गेला की सारी काच क्षणात चुरा होते. तिला भोक पाडायचे ते कडक करण्यापूर्वीच. नंतर कोणीही कितीही कुशल असो, ते साधत नाही. माझी काच साधी निघाली. गुरुजींनी स्वस्तातली घेतली होती, आणि ते बरेच झाले.

मग त्यांनी मी आणलेला जोड मागितला. टाकीच्या भिंतीतून नळी काढण्यासाठी जो आटेदार जोड बसवितात, तो मी बीदरहून घेतला होता. नळीच्या नावावर किंवा डब्यावरच्या आकड्यावर न जाता त्यांनी त्याचा आटा प्रत्यक्ष मोजला. कारण एकाच मापाच्या, पण निरनिराळ्या कारखान्यांच्या जोडांना निरनिराळी भोके लागतात. माझ्या जोडाला ३५ मिलिमीटरचे भोक हवे होते. काचेच्या कडेपासून भोकाच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या रुंदीइतके अंतर राखायचे, हा दुसरा नियम. कडेला फार जवळ गेले की मधली पट्टी नाजूक होते आणि तेथूनच तडा जातो. त्यांनी तेलखडूने खूण केली आणि थांबले.

"एकच?"

"एकच लागतं ना?"

"और पत्ता अटका तो?"

मी गप्प राहिलो. शेवाळाचा पुंजका, पाण्यातल्या रोपाचे पान, एखादी गोगलगाय, यांतले काहीही त्या तोंडाशी अडकू शकते. पंप तर पाणी वर चढवीतच राहणार. मग पाणी काठावरून बाहेर. त्यांनी दुसरी खूण केली. एक भोक रोजच्या कामाचे, दुसरे अडचणीचे. दुसऱ्या नळीचे तोंड पहिल्यापेक्षा थोडे उंच ठेवायचे, म्हणजे एरवी ती कोरडी राहील, आणि पहिली तुंबली तरच पाणी घेईल. बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पंपाची वर चढणारी नळीसुद्धा वीज गेल्यावर उलटी वाहू लागते. म्हणून तिला पाण्याच्या पातळीच्या जरासे खाली एक बारीक भोक ठेवावे. पातळी तेथवर उतरली की हवा आत शिरते आणि ओढ तुटते.

काम सुरू झाले. काच ओल्या गोणपाटावर सपाट ठेवली. तिच्या खालच्या अंगाला, जेथे भोक बाहेर पडणार, तेथे चिकटपट्टीचे दोन थर लावले. शेवटी कपची उडू नये आणि सुटलेली चकती एकदम खाली पडू नये म्हणून. वरच्या खुणेभोवती पोरांच्या खेळण्यातल्या मातीचे गोल आळे केले आणि त्यात पाणी भरले. ड्रिल बॅटरीवरचे, पाण्याशी खेळताना विजेची तार जवळ नको. त्याला बसविलेले बिट म्हणजे एक पोकळ नळकांडे, त्याच्या ओठावर हिऱ्याचे बारीक कण जडविलेले. डोळ्यांवर चष्मा. कोरडी काच घासायची नाही. तिची धूळ छातीत जाते, ती पाण्यातच बसली पाहिजे.

माझी समजूत अशी होती की ड्रिल काच कापते. ती कापीत नाही, झिजविते. हिऱ्याचा कण काचेहून कितीतरी कठीण, म्हणून तो कणाकणाने काच खरवडतो. या घासण्याने उष्णता निर्माण होते, आणि काच उष्णता लवकर वाहून नेत नाही. एकच जागा तापून फुगते, शेजारची गारच राहते, आणि त्या ओढाताणीत तडा जातो. काच फुटते ती बहुधा जोराने आणि तापाने. म्हणून वेग मंद, वर सतत पाणी, आणि ड्रिलवर तिच्या स्वतःच्या वजनापेक्षा अधिक भार नाही. नातवाने बिट प्रथम तिरपे टेकविले. काचेवर चंद्रकोरीएवढी खाच उमटल्यावर ड्रिल हळूहळू उभे केले आणि कोरीचे वर्तुळ झाले. सुरुवातीलाच उभे धरले तर बिट काचेवर घसरत फिरते आणि ओरखडे काढते.

आळ्यातले पाणी दुधासारखे पांढरे झाले. दर थोड्या वेळाने तो बिट उचली, गाळ धुऊन काढी, नवे पाणी घाली. मी घड्याळ पाहत होतो. मध्येच मी म्हणालो, "थोडा दाब दिला तर लवकर होईल ना?" नातू थांबला. आजोबांनी माझ्याकडे पाहिले. "काच कू पानी होना साब, जोर नक्को." थोड्या वेळाने आपणच पुढे म्हणाले, "काच बोलती. सुनना होना."

मी कान देऊन ऐकू लागलो. खरोखरच शेवटी आवाज बदलला. एकसारखी खरखर होती ती पोकळ झाली. नातवाने हात आणखी हलका केला, जवळजवळ ड्रिल उचलूनच धरले. सुमारे दहा मिनिटांनी टक्क असा बारीक आवाज आला. माझा श्वास अडकला. चिकटपट्टीवर रुपयापेक्षा मोठी एक काचेची चकती सुटून बसली होती. पलीकडच्या कडेला नखाएवढा पापुद्रा निघाला होता. तो रबरी वॉशरच्या खाली झाकला जाईल एवढाच होता. ओल्या पॉलिशकागदाने त्यांनी भोकाची कड मऊ केली. दुसरे भोक तसेच, तितकेच सावकाश. पहिल्याचा सराव झाला म्हणून दुसऱ्याला घाई नाही. शिक्षकाने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट मी मनात टिपून घेतली.

त्या चकत्या मी मागून घेतल्या. पैसे त्यांनी मोजकेच घेतले, आणि जोड कसा बसवायचा ते पुन्हा पुन्हा सांगितले. रबराचा वॉशर टाकीच्या आतल्या, म्हणजे ओठाच्या बाजूलाच. नटाच्या बाजूला नव्हे. नट हाताने घट्ट करायचा, मग फक्त पाव फेरा. पाना लावून आवळला तर एवढी मेहनत फुकट जाते.

मुक्काम आत्याकडे, नल्लाकुंट्याला. तेलुगूत 'कुंटा' म्हणजे लहान तळे, आणि 'नल्ला' म्हणजे काळे. नावात तळे राहिले, जमिनीवर घरे उभी राहिली. हुसेनसागर भरला की त्याचे जादा पाणी ज्या नाल्याने मुसीकडे जाते, तो अशोकनगर, दोमलगुडा करीत याच वस्तीतून अंबरपेठकडे उतरतो. २४ ऑगस्ट २००० च्या सुमारास हैदराबादेत एका दिवसात चोवीस सेंटिमीटर पाऊस पडला. नाल्याला एवढे पाणी पेलवेना. काठच्या बांधकामांनी तो जागोजाग आवळला होता. आत्याच्या घरात कमरेएवढे पाणी आले.

आत्या आता ब्याऐंशी वर्षांची. जेवताना तिने तो दिवस पुन्हा सांगितला. माणसे गच्चीवर गेली, वाचली. गेले ते खालच्या कपाटातले. आमचे आजोबा निजामाच्या अमलात पटवारी होते. त्यांच्या हातची मोडी आणि उर्दूतली बाडे, गावच्या पेऱ्याच्या आणि विहिरींच्या नोंदी, सारे त्या कपाटात होते. दर उन्हाळ्यात मी म्हणत असे, "आत्या, या सुट्टीत घेऊन जातो." एम.ए. झाल्यावर त्यांच्यावर काही लिहावे असा माझा विचारही होता. पुरानंतर आत्याने ती बाडे उन्हात वाळत घातली, तर त्यांचा लगदा झाला होता; शाई एका पानातून दुसऱ्या पानात उतरली होती. मला तिने कधी बोल लावला नाही. त्या रात्री मीच म्हणालो, "न्यायला हवी होती मी." ती म्हणाली, "तुला वाटलं, घरात आहेत म्हणजे सुखरूप आहेत. मलाही तसंच वाटलं." नंतर काच पलंगाखाली सरकवायला निघाले, तर ती म्हणाली, "खाली नको. माळ्यावर ठेव."

सकाळी परतण्यापूर्वी हुसेनसागरावर गेलो. इब्राहीम कुतुबशाहाच्या काळी, १५६२ च्या सुमारास, हुसेन शाह वली यांच्या देखरेखीखाली हे तळे बांधले गेले. ज्या बांधावरून आज मोटारी धावतात, त्याची लांबी सुमारे अडीच किलोमीटर. लोक तळ्यातला बुद्ध पाहतात, संध्याकाळचे दिवे पाहतात. मी सांडवा शोधीत गेलो. जादा पाणी जेथून बांध ओलांडते ती जागा पाहायला कोणी थांबत नाही. तेथे उभे राहिले की एका बाजूला सपाट पाणी दिसते, दुसऱ्या बाजूला खाली उतरणारा नाला, आणि नाल्याला दोन्ही अंगांनी खेटून उभी असलेली घरे. चारशे साठ वर्षांपूर्वीच्या बांधणाऱ्यांनी पाण्याला वाट ठेवली होती. ती अरुंद केली ती आपण, कारण बहुतेक दिवस ती कोरडी दिसते आणि कोरडी जागा आपल्याला फुकट गेलेली वाटते. १३ आणि १४ ऑक्टोबर २०२० ला पुन्हा अतिवृष्टी झाली. शहराच्या भोवतालचे काही तलाव फुटले, कितीतरी वस्त्या दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या. दर वेळी आपण पावसाला दोष देतो. मीही जुलैत ट्रान्सफॉर्मरला दिला होता.

काच सुखरूप घरी आली. जानेवारीत दोन शिक्षकांच्या मदतीने ती पुन्हा बसविली, सिलिकॉन पुरते सुकू दिले, जोड लावले, आतल्या बाजूस दोन एल्बो वर तोंड करून बसविले. दुसरा पहिल्यापेक्षा बोटभर उंच. तोंडांना जाळी लावली, म्हणजे मासोळी नळीत जाणार नाही. पंपाच्या नळीला बारीक भोक पाडले. टाकी भरून चार दिवस नुसते पाणी खेळविले. एका जोडातून थेंब येत होता. नट पाव फेरा फिरविल्यावर तोही थांबला.

मासोळ्या सोडण्यापूर्वी सातवीच्या मुलांना विज्ञानकक्षात बोलाविले. जुलैत जे सांगितले नव्हते ते त्या दिवशी सांगितले: भोक पाडायची मला भीती वाटली, म्हणून मी नळी काठावरून टाकली, आणि म्हणून मासे मेले. मुले गप्प होती. मग मी वही लिहिणाऱ्या मुलाला म्हणालो, "बटण बंद कर."

त्याने पंप बंद केला. सर्वांचे डोळे काचेवर. पाणी उतरू लागले. बोटभर उतरले, नळीच्या तोंडाशी आले, आणि थांबले. खाली टबात पाचसहा लिटर आले असतील; टब भरला नाही. मुलाने तेलखडूने काचेवर पातळीची रेघ मारली. पुढचा पाव तास आम्ही सारे त्या रेघेकडे पाहत बसलो. पाणी तसूभरही हलले नाही.

बटण पुन्हा सुरू केले. मग त्याने पहिल्या नळीच्या तोंडावर तळहात दाबून धरला. पाणी चढले, दुसऱ्या तोंडाशी आले, आणि खळखळत तिच्यातून खाली गेले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. हात काढल्यावर दुसरी नळी पुन्हा कोरडी झाली.

आज त्या वहीत 'मासे १८' असा आकडा आहे. जुलैत वाचलेल्या दोघी त्यांत आहेत. काचेच्या दोन चकत्या माझ्या टेबलावर कागदांवर ठेवण्यासाठी मी वापरतो. परवा शाळेत नव्याने आलेल्या एका पाचवीतल्या मुलीने टाकीभोवती फिरून झाल्यावर विचारले, "सर, ही दुसरी नळी तर कोरडीच आहे. काढून टाकायची का?"

मी उत्तर देण्याआधीच तो वहीवाला मुलगा पुढे झाला. "नाही," तो म्हणाला, "ती कोरडी आहे म्हणूनच ठेवायची." आणि तिला पाणी कसे चढते ते दाखवायला त्याने बाह्या वर सारल्या.